उमेदीचा हिशेब

गेल्या पोळ्याला आमचा पुतण्या मुंबईहून मोहगावी आला. सहा वर्षांपूर्वी तो एक पटकथा लिहून सोबत घेऊन गेला होता. ती अद्याप विकली गेलेली नाही. निर्मात्यांच्या कचेऱ्यांत त्याने ती कितीतरी वेळा वाचून दाखवली. कोठे 'कळवतो' असे उत्तर मिळाले, कोठे आधी नायकाचे नाव विचारले गेले, कोठे उत्तरच आले नाही. बैलांची पूजा आटोपल्यावर ओसरीवर बसून त्याने विचारले, "मोठे बाबा, माणसाने किती दिवस उमेद धरावी?" पस्तीस वर्षे राज्य शासनाच्या सेवेत काढलेल्या माणसाने द्यावे तसेच उत्तर आम्ही दिले, "आता पुरे." तो काही बोलला नाही. ते उत्तर मात्र आमच्याच मनात सलत राहिले. प्रकरण न वाचता त्यावर शेरा मारण्याचा दोष आमच्या हातून घडला होता. प्रस्तुत लेख म्हणजे त्या शेऱ्याचा पुनर्विचार होय.

प्रथम प्रश्नाचे स्वरूप पाहू. कवीची कविता वहीत उतरली की पूर्ण झाली. ती कोणी वाचो वा न वाचो. पटकथेचे तसे नाही. ती लिहून संपली तरी अर्धीच असते. दिग्दर्शक, नट, छायालेखक आणि पैसा लावणारा माणूस मिळाल्याशिवाय तिला देह लाभत नाही. आमच्या मोहगावात अर्धनारीश्वराचे देवस्थान आहे. तेथे हात जोडताना हा विचार अनेकदा मनात येतो, की एका अर्धाला दुसऱ्या अर्धावाचून रूप नाही. म्हणूनच 'आपण लिहीत राहावे, फळाची चिंता करू नये' हा गीतेच्या आधाराने दिला जाणारा उपदेश येथे अपुरा पडतो. पटकथा घेऊन दारोदार जाणे हे फळाच्या मागे धावणे नव्हे. तो कर्माचाच उत्तरार्ध आहे. कीर्ती, मान आणि धन ही फळे. त्यांची आसक्ती सोडता येईल; विक्रीचा खटाटोप सोडता येणार नाही. त्यात लाज बाळगण्याचेही कारण नाही. कायद्यानेही या व्यवहाराची प्रतिष्ठा मान्य केली आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. चित्रपटगृहातील प्रदर्शनाव्यतिरिक्त होणाऱ्या वापराच्या रॉयल्टीतील आपला वाटा लेखकाला आता निर्मात्यास लिहून देता येत नाही.

दुसरा मुद्दा नकाराचा. नकार आला की लेखकाला वाटते, आपली कृतीच हीन ठरली. आम्ही स्वतः शेकडो अर्ज नामंजूर केले आहेत, त्या अनुभवावरून सांगतो, की नामंजूर झालेले कित्येक अर्ज सर्वथा योग्य होते. त्या शीर्षाखाली तरतूद उरलेली नसे, एवढेच. अर्जदार मात्र खाली मान घालून परत जाई आणि दोष आपल्यातच शोधत राही. आज ते चेहरे आठवतात. नकार हा बहुधा देणाऱ्याच्या परिस्थितीचा निकाल असतो, घेणाऱ्याच्या गुणांचा नव्हे. तथापि सर्व नकारांना असे झटकून टाकणेही बरे नव्हे. चार भिन्न स्वभावांच्या माणसांनी एकाच प्रसंगावर बोट ठेवले, तर तो प्रसंग पुन्हा वाचलाच पाहिजे.

या संदर्भात दादासाहेब फाळके यांचे स्मरण अपरिहार्य आहे. ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहून त्यांच्या मनात आपल्या देवतांना पडद्यावर आणण्याचे आले, तेव्हा या देशात पैसा लावणाऱ्याला त्या कल्पनेचा अर्थही कळत नव्हता. विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून ते १९१२ साली लंडनला गेले आणि यंत्रसामग्री घेऊन आले. मग त्यांनी जे केले ते आम्हांस फार बोधप्रद वाटते. नुसते बोलून कोणी पैसे देईना, तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, त्याच्या वाढीची थोडी थोडी चित्रे घेतली आणि दाण्याचा वेल होताना पडद्यावर दाखवला. ते पाहून भांडवल देणारा तयार झाला आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. वाट पाहण्याचे दिवस फाळक्यांनी कामाचे दिवस केले. उमेद हा काही कोठारात साठवलेला माल नव्हे, की जो वापरत गेल्याने संपावा. ती रोजच्या कामातून रोज निपजते. ज्या दिवशी हातून काही घडत नाही, त्या दिवशी ती आटते.

पुढे याच फाळक्यांवर परेश मोकाशी यांनी 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' ही पटकथा लिहिली, तेव्हा तिलाही वर्षानुवर्षे भांडवल मिळाले नाही. अखेर त्यांनी स्वतःची मालमत्ता गहाण ठेवून चित्रपट काढला. २००९ साली भारतातर्फे तो ऑस्करसाठी पाठवला गेला आणि जानेवारी २०१० मध्ये प्रदर्शित झाला. गहाणवटीची कथा सांगण्यासाठीही गहाणवटच करावी लागली!

अशा कथा सांगून तरुणांना धीर देण्याची आपल्याकडे प्रथा आहे. परंतु येथे सावध राहिले पाहिजे. ज्यांचे गहाण सुटले त्यांच्याच कथा आपल्यापर्यंत पोचतात. ज्यांचे बुडाले त्यांच्यावर कोणी चित्रपट काढत नाही. खुद्द फाळक्यांचे अखेरचे दिवसही विपन्नावस्थेत गेले आणि १९४४ साली नाशिकला त्यांनी देह ठेवला. तेव्हा यश हा चिकाटीचा पुरावा होऊ शकत नाही. मग कसोटी कोणती? आमच्या मते ती अशी: या चिकाटीची किंमत कोण मोजतो, आणि तो जाणूनबुजून मोजतो का? सरस्वतीबाई फाळके यांनी दागिने दिले, मंडळींचा स्वयंपाक सांभाळला, रात्री जागून कोऱ्या फिल्मच्या कडांना छिद्रे पाडली. त्यांना सारे ठाऊक होते; त्या त्या कामाच्या भागीदार होत्या. १९७६ च्या 'मंथन' या चित्रपटासाठी, ज्याची पटकथा विजय तेंडुलकरांची होती, गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. रक्कम क्षुल्लक, पण तिच्यामागे संमती होती. संमतीने घेतलेला पैसा उमेदीला बळ देतो. अजाणता घेतलेला पैसा पुढे तिला आतून पोखरतो.

आता आमचा खरा दोष सांगतो. आमचा धाकटा भाऊ शेती पाहतो. गेली सहा वर्षे तो मुलाला दरमहा पैसे पाठवत होता आणि त्यापायी संत्र्याच्या बागेतील विहिरीचे काम पुढे ढकलत होता. मुलाला याची गंधवार्ता नव्हती, आम्हांस होती. 'आता पुरे' म्हणताना आमच्या मनात ती विहीर होती, पण ओठांवर आली नाही. आणखीही एक गोष्ट ओठांवर आली नाही. आमचे स्वतःचे शिक्षण याच शेताने केले होते आणि त्या वेळी कोणी आम्हांस 'पुरे' म्हटले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे बागेत बसलो आणि आम्ही हिशेब उघडा केला. पुतण्याचा चेहरा उतरला. भाऊ मात्र झाडांकडे पाहत म्हणाला, "तान देनं सोपं हाय, दादा. तोडाचा कवा, थे समजाले पायजे." संत्र्याचा बहार धरण्यासाठी काही दिवस झाडाचे पाणी बंद करतात, हे या भागातील वाचकांना सांगणे नको. ताण कमी पडला तर फूल येत नाही. जास्त झाला तर झाडच वाळते. हलक्या जमिनीत तो लवकर तोडावा लागतो, भारी जमिनीत उशिरा. दिवस मोजून चालत नाही. पानांकडे पाहावे लागते. 'किती दिवस?' या प्रश्नाला आमच्याजवळ नसलेले उत्तर भावाजवळ होते. सर्वांना लागू पडेल असा वर्षांचा आकडा नसतो. माणूस मलूल होऊ लागला, घरचे सुकू लागले, तर पाणी दिले पाहिजे. पाणी देणे म्हणजे झाड तोडणे नव्हे.

त्या दिवशी ठरले ते एवढेच: आधी विहीर; दरमहाचे पैसे बंद; पुतण्याने डबिंगसाठी संवादांचे भाषांतर करून आपला खर्च भागवावा; आणि दोन बहारांनंतर पुन्हा तिघांनी बसावे. हिवाळ्यात तो मित्राचा कॅमेरा घेऊन आला आणि पटकथेतील एक प्रसंग त्याने इथल्याच आठवडी बाजारात चित्रित केला. तो आठ मिनिटांचा आहे. आता तो कचेऱ्यांत पटकथा वाचून दाखवण्याआधी ही आठ मिनिटे दाखवतो.

पटकथा अजून विकली गेलेली नाही. विकली जाईलच, असे आश्वासन देण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु परवा फोनवर त्याने स्वतःविषयी बोलण्याआधी विहिरीला किती पाणी लागले ते विचारले. आमच्या त्या दिवशीच्या शेऱ्यापेक्षा हे उत्तर अधिक बरोबर आहे, असे आम्हांस वाटते.