हन्नाचे ताट आणि एलीयाची भाकर

(शास्त्रपाठ : १ शमुवेल, अध्याय १, १ राजे, अध्याय १९)



आज ज्या विषयाचे आपण मनन करणार आहो, तो व्यासपीठावरून फारसा बोलला जात नाही. खादाडपणा वाईट, उपवास चांगला, असे उपदेश आपण पुष्कळ ऐकले आहेत. परंतु पोटात भूक नसता मनुष्य का खातो, आणि भूक असता त्याच्या घशाखाली घास का उतरत नाही, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. शास्त्राने मात्र तो विचारला आहे, आणि त्याचे उत्तर वरील दोन अध्यायांत आहे.

झरी जामणीसारख्या तालुक्यात हा विषय काढणे शोभते काय, असे कोणी म्हणेल. हे म्हणणे रास्त आहे. पैनगंगेच्या खोऱ्यातील या कापसाच्या मुलखात, कोलामांच्या पोडांवर किंवा मजुरांच्या घरी, ज्याची चूल आज पेटली नाही त्यास मनाच्या भुकेविषयी सांगणे म्हणजे भाकर मागणाऱ्याच्या हाती दगड देणे होय. त्यास धान्य पाहिजे, आणि ते त्याच्या हक्काचे आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे अंत्योदय कुटुंबास दर महिना ३५ किलो, व प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसास ५ किलो धान्य मिळावयाचे असते. ज्याचे कार्ड अडकले असेल, त्याच्याबरोबर तहसील कचेरीची पायरी चढणे हाही उपदेशकाच्या सेवेचा भाग आहे. हे प्रथम सांगून मग आम्ही पुढे जातो.

कारण गरिबाच्या घरी मनाची भूक नसते, असे समजणे चूक आहे. कापसास भाव मिळाला नाही, कर्ज फिटले नाही, मुलगी सासरी सुखी नाही, घरधनी अकाली गेला. असे दुःख ज्या घरात शिरले, त्या घरातील माणसांकडे नीट पाहा. कोणी दिवसभर खर्रा चघळतो व भाकरीस हात लावीत नाही. कोणी साखरेच्या चहावर चहा पितो. कोणी भगिनी सर्वांचे जेवण उरकल्यावर अंधारात चुलीपाशी बसून, उरलेले सर्व, पोट दुखेपर्यंत खाते, आणि मग लाजेने कोणास सांगत नाही. ही सर्व एकाच दुखण्याची रूपे आहेत. पोटाची हाक एक आहे आणि मनाची दुसरी, आणि आपण एकीचे उत्तर दुसरीस देत आहो.

पहिली गोष्ट : या दोन भुका ओळखाव्या.

हन्नेची गोष्ट आपणांस ठाऊक आहे. तिला मूल नव्हते. सवत तिला टोचून बोले. वर्षानुवर्षे शिलो येथील सणाच्या जेवणात नवरा तिच्यापुढे प्रेमाने वाटा ठेवी, आणि ती रडे व जेवत नसे. एलकाना भला मनुष्य होता, परंतु त्याची समजूत अशी की ताट भरले म्हणजे दुःख भरून येईल. तसे झाले नाही. जी जागा अन्नाची नव्हती, ती अन्नाने भरत नाही. हन्नेने ताट नाकारले. दुसरी कोणी ताटावर ताट रिकामे करील. दुःख दोघींचे सारखेच.

तर मग ओळखावे कसे? देवाने शरीर मुके केलेले नाही. पोटाची भूक हळूहळू येते; पोटात कालवाकालव होते, अंग गळते, आणि मग ज्वारीची भाकर व अंबाडीची भाजीही गोड लागते. मनाची भूक एकाएकी येते, बहुधा एखाद्या बोलण्यानंतर किंवा एकटेपणात. तिला विशिष्ट गोड, तळलेले किंवा चमचमीत पाहिजे असते, आणि पोट भरले तरी ती थांबत नाही. पोटाची भूक जेवल्यावर तृप्ती देते, मनाची भूक जेवल्यावर खंत देते.

विद्वानांनीही हे तपासून पाहिले आहे. १९१२ साली अमेरिकेत डॉ. कॅनन यांचा विद्यार्थी वॉशबर्न याने रबराची लहान पिशवी गिळून दाखविले की, पोट आकुंचन पावते तेव्हाच भुकेची कळ येते. १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांनी पोटातून निघणारे घ्रेलिन नावाचे द्रव्य शोधले. ते जेवणाच्या नेहमीच्या वेळेपूर्वी रक्तात वाढते व जेवल्यावर उतरते. याप्रमाणे शरीर आपल्या वेळेस निरोप पाठवीत असते. परंतु जो तंबाखूने तो निरोप रोज दाबतो, त्याचे ऐकण्याचे वळण मोडते. गुटख्यावर या राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी खर्रा हातांनी घोटून मिळतोच; आणि भूक मारावी म्हणून तो खाणारा आपल्याच शरीराचा दूत दारातून परतवून लावतो.

दुसरी गोष्ट : शरीरास प्रथम त्याचे द्यावे.

आता एलीयाकडे वळू. कर्मेल डोंगरावर मोठा विजय झाल्यावर ईजबेलीच्या धमकीने तो पळाला, आणि रानात एका झुडपाखाली बसून त्याने मरण मागितले. देवाने त्या क्षणी काय केले? त्यास दटाविले काय? तू विश्वासात उणा आहेस असे सांगितले काय? नाही. त्यास झोपू दिले. मग दूताने त्यास स्पर्श केला, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाण्याचे भांडे उशाशी ठेवले, आणि जेवावयास सांगितले. तो जेवला व पुन्हा झोपला. दूताने त्यास दुसऱ्यांदाही उठवून जेवू घातले, कारण वाट लांबची होती. प्रश्न विचारला गेला तो पुढे, होरेबच्या गुहेत. भाकर आधी, प्रश्न नंतर. हा देवाचा क्रम आहे.

हा क्रम मोडला तर काय होते, त्याचा दाखला ऐका. १९४४ व १९४५ साली अमेरिकेतील मिनेसोटा येथे डॉ. अँसेल कीज यांनी ३६ तरुणांवर उपासमारीचा प्रयोग केला. हे तरुण विवेकबुद्धीने युद्धास नकार देणारे होते, आणि त्यांतील पुष्कळ क्वेकर, मेनोनाइट व ब्रेद्रन मंडळ्यांचे होते. युद्धात उपाशी राहिलेल्या लोकांस पुन्हा कसे पोसावे हे कळावे म्हणून त्यांनी आपली शरीरे दिली. २४ आठवडे त्यांस अपुरे अन्न मिळाले. ते चिडखोर व उदास झाले, आणि दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले. पुढे अन्न मिळाल्यावर त्यांतील कित्येक, पोट भरूनही, पुष्कळ दिवस तृप्त होईनात. हे धार्मिक, संयमी तरुण होते. म्हणून, अति खाण्यामागे नेहमी वासनाच असते असे म्हणू नका. पुष्कळदा तिच्यामागे उपाशी दिवस असतो.

हे आपल्या घरांतील स्त्रियांनी विशेष ऐकावे, आणि पुरुषांनी त्याहून अधिक. जी पहाटे कोरा चहा पिऊन कापूस वेचावयास जाते, दुपारी कोरभर भाकर खाते, आणि रात्री सर्वांच्या मागून पातेले पुसते, तिला रात्री अन्न आवरत नाही यात नवल काय? तिला उपवासाचा उपदेश करू नका. घरधन्याने तिला आपल्याबरोबर पंगतीस बसवावे. ठरलेल्या वेळी पोटभर खाणे हेच या दुखण्याचे पहिले औषध आहे.

आणि अंग बारीक आहे म्हणून धोका नाही, असेही समजू नये. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांत अभ्यास केला. तेथील बाळांचे वजन जन्मतः सरासरी २.७ किलोच्या आसपास होते, तरी विलायतेतील बाळांशी ताडून पाहता त्यांच्या अंगात स्नायू कमी व चरबी त्यामानाने अधिक आढळली. आपल्या लोकांत बारीक माणसासही मधुमेह होतो, त्याच्या कारणांपैकी हे एक असावे. म्हणून दुःखावर साखरेचा चहा ओतणे हे स्वस्त औषध दिसले तरी महाग पडते.

तिसरी गोष्ट : मग शांतपणे विचारावे.

गुहेत वारा सुटला, भूकंप झाला, अग्नी पेटला. त्यानंतर मंद वाणी आली, आणि एलीयास विचारणे झाले की तू येथे काय करीत आहेस. हाच प्रश्न आपण आपल्या हातास विचारावा. डब्याकडे हात गेला की क्षणभर थांबावे. पोटावर हात ठेवून दीर्घ श्वास घ्यावा. आणि विचारावे : ही भूक पोटाची आहे काय? पोटाची असेल तर खाली बसून, देवाचे उपकार मानून, सावकाश खावे, आणि पोट पुरे म्हणते की काय इकडे कान द्यावा. पोटाची नसेल तर पुढे विचारावे : मी थकलो आहे काय? रागावलो आहे काय? भ्यालो आहे काय? मला कोणाची आठवण येते काय? थकलेल्याने निजावे; रागावलेल्याने बोलून मोकळे व्हावे; एकट्याने शेजाऱ्याच्या ओसरीवर जावे; आणि ज्यास रडू येते त्याने रडावे. तरीही हात डब्यात गेला, तर स्वतःस शिव्या देऊ नयेत. लाजेतून पुन्हा तीच भूक उपजते.

मात्र ज्यास मधुमेह आहे व औषध किंवा इन्सुलिन चालू आहे, त्याने केवळ भुकेच्या भरवशावर राहू नये. डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळीच जेवावे. आणि जो खाऊन मुद्दाम ओकतो, किंवा ज्याचे अन्न सुटत चालले आहे, त्यास विनाविलंब दवाखान्यात न्यावे.

शेवटची गोष्ट उपदेशकांसाठी आहे.

हन्ना मंदिरात ओठ हालवीत प्रार्थना करीत होती, आणि एली याजकास ती प्यालेली वाटली. मंदिराच्या दाराशी बसलेल्या सेवकाने दुःखास व्यसन समजून दोष दिला! बंधूंनो, आपणही दारातच बसलो आहो. ज्या जिल्ह्यात इतक्या शेतकऱ्यांनी आपला जीव दिला, तेथे एखादी विधवा फार खाते किंवा मुळीच खात नाही असे कानी आले, तर बोलण्यापूर्वी ऐकावे. एलीचे चांगले हे की, हन्नेने आपले मन ओतल्याचे सांगताच त्याने शब्द फिरविला व तिला आशीर्वाद दिला. तेव्हा ती उठली, जेवली, आणि तिचे तोंड पुन्हा उदास राहिले नाही. पाहा, तिच्या पदरी मूल अजून आले नव्हते. तिचे दुःख कोणीतरी ऐकले होते, इतकेच.

एलीयासही देवाने एकटे ठेवले नाही; अलीशा त्याचा सोबती झाला. म्हणून घरभेटीस जाल तेव्हा वचन वाचण्यापूर्वी विचारा : जेवलात काय? झोप लागते काय? मनात काय आहे? आणि कोणी मरणाची भाषा बोलेल, तर त्यास एकटे सोडू नका. शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फिरवून त्याच्याजवळ बसा.

ज्याने रानात थकलेल्या सेवकासाठी भाकर भाजविली, आणि ज्याच्या पुत्राने पुनरुत्थानानंतर समुद्रकाठी आपल्या शिष्यांसाठी निखाऱ्यांवर मासळी ठेवली, तो आपल्या पोटाची व मनाची, दोन्ही भुका जाणतो. तो आपणांस त्या ओळखण्याची बुद्धी देवो, आणि आपल्या पंगतीत कोणीही उपाशी किंवा एकटा न राहो. आमेन.