हिज्कीयाचा लेप
हिज्कीया राजास आणखी 15 वर्षांच्या आयुष्याचे वचन मिळाले, तरी यशयाने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप घालविलाच. मूत्रपिंडाच्या जुनाट दुखण्यात पुष्कळ काळ वेदना नसते. म्हणून कित्येक जण रक्तदाबाची गोळी सोडून केवळ प्रार्थना करितात. त्या गोळीने झिजलेले मूत्रपिंड पूर्ववत् होत नाही, परंतु झीज मंदावते. फॉस्फरस बांधणारी गोळी जेवणाबरोबरच घ्यावी. ती अन्नातील फॉस्फरस अडविते, उपाशीपोटी व्यर्थ जाते. सांधे दुखले म्हणून दुकानातून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणू नये (दुकानदार वैद्य नव्हे). त्याने मूत्रपिंडास अधिकच अपाय होतो. ज्यास वाचता येत नाही, त्याच्या सकाळच्या व रात्रीच्या गोळ्या निरनिराळ्या डब्यांत ठेवून देणे, उपदेशकहो, हे आपले काम आहे.