थांबायचं आणि लांब राहायचं

सॉल्ट लेक सिटी,
१० मे

चि. मुग्धा,


तुझं वेळापत्रक मिळालं. दीड दिवसात बावीस ठिकाणं, आणि प्रत्येकापुढे मिनिटं! अगं, हे यलोस्टोन आहे, लग्नसराई नव्हे. आहेर दिला, चार घास खाल्ले, निघालो पुढच्या कार्यालयात, असं तिथे चालत नाही. पहिल्या खेपेला मीही तेच केलं होतं. घरी येऊन फोटो चाळले तेव्हा कळलं, आपण कुठे कुठे उभे होतो ते. त्यानंतर तीनदा गेले आणि शिकले ते इतकंच: तिथे थांबायचं आणि लांब राहायचं.

आधी थांबण्याचं सांगते. उद्यान आपल्या रत्नागिरी जिल्ह्याहून मोठं आहे. मुख्य रस्ता इंग्रजी आठच्या आकड्यासारखा, सुमारे २३० किलोमीटरचा. वेगाची मर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी ७२ किलोमीटर, पण खरी मर्यादा बायसन ठरवतात. कळप रस्त्यावर आला की अर्धा तास तरी गेलाच समज. म्हणून निदान तीन रात्री काढ. आत खोली मिळाली नाही तर वेस्ट यलोस्टोन किंवा गार्डिनर गावात बघ. मोबाइलला बऱ्याच ठिकाणी रेंज नसते. नकाशा आधीच उतरवून घे. आणि जून असला तरी ताई-भाऊजींचे स्वेटर, कानटोप्या घेच. पहाटे दात वाजतात.

ओल्ड फेथफुल या उसळत्या गरम झऱ्यापाशी भाऊजी विचारणार, ‘किती वाजता?’ तिथे फलकावर वेळ लिहिलेली असते, पण दहा मिनिटं मागेपुढे धरूनच. साधारण दीड तासाने फवारा उडतो. आधीचा फवारा थोडक्यात आटोपला तर पुढचा लवकर येतो, लांबला तर उशिरा. जमिनीखालच्या तप्त खडकांनी पाणी तापतं, पण वरच्या पाण्याच्या भाराने आणि अरुंद नळीमुळे त्याला उकळता येत नाही. कुकरसारखंच. वरचं थोडं पाणी सांडलं की भार हलका होतो, खालच्या पाण्याची एकदम वाफ होते आणि सगळं तीस ते पंचावन्न मीटर उंच उडतं. शिट्टीच्या आधी कुकर कसा फुसफुसतो, तसंच हेही आधी दोन-चारदा उगीच उसळतं. ते फसवे उसासे बघण्यातच निम्मी मजा आहे. ऐन वेळेला धावत येऊन बाकावर टेकणाऱ्यांना ती कळत नाही.

ग्रँड प्रिझमॅटिक या रंगीत झऱ्याला मात्र सकाळी जाऊ नकोस. गारठ्यात वाफेपलीकडे काही दिसत नाही. ऊन चढल्यावर फेअरी फॉल्सच्या वाटेने वरच्या सज्जावर जा. मधोमध निळं पाणी, कडेला हिरवा, पिवळा, केशरी. कडेचे रंग जिवाणूंचे आहेत. १९६६ मध्ये थॉमस ब्रॉक यांना याच भागातल्या एका झऱ्यात असा एक जिवाणू सापडला. त्याच्यातलं विकर उष्णतेत टिकतं, म्हणून पुढे पीसीआर चाचणी सोपी झाली. कोविडमध्ये भाऊजींच्या नाकात काडी घातली होती ना, त्या चाचणीचं मूळ या शेवाळासारख्या दिसणाऱ्या थरात आहे. लोक नाक मुरडून पुढे जातात तिथे तो माणूस थांबला होता.

एक पहाट लामार खोऱ्यासाठी ठेव. दुर्बीण असू दे. १९२६ पर्यंत इथले लांडगे मारून संपवले होते; १९९५ मध्ये कॅनडातून आणून पुन्हा सोडले. रस्त्याकडेला मोठ्या दुर्बिणी लावून बसलेली मंडळी दिसली की गाडी बाजूला घे आणि हळू आवाजात विचार. बहुतेक जण आनंदाने डोळा लावू देतात.

आता लांब राहण्याचं. बायसनपासून २३ मीटर, अस्वल आणि लांडग्यापासून ९१ मीटर, हा तिथला नियम. मागच्या जूनमध्ये एक नर आमच्या गाडीला खेटून गेला. अंगावरची लोकर लक्तरांसारखी लोंबत होती, काचेवर त्याच्या श्वासाचा ओला डाग उमटला. दिसायला गोठ्यातल्या म्हशीइतका गरीब, पण धावतो ताशी ५५ किलोमीटरने. शेपूट वर केली की समजायचं, त्याला आपण नको आहोत. आणि दया आली तरी हात लावायचा नाही. २०१६ मध्ये कुणी तरी ‘बिचारं कुडकुडतंय’ म्हणून बायसनचं वासरू गाडीत घातलं. कळपाने ते परत घेतलं नाही, आणि शेवटी त्याला मारावं लागलं.

झऱ्यांपाशी लाकडी वाट सोडून पाऊलही नको. वरून जमीन दिसते, खाली पापुद्रा असतो आणि त्याखाली उकळतं पाणी. वज्रेश्वरीसारखं कुंड समजून पाय बुडवायचा मोह ताईला होईल. तिला आधीच सांग. दशम्या-चटणी खुशाल न्या, पण डबा बाकावर ठेवून फिरू नका. अस्वलाला नाक असतं.

तुझ्या आजीला नेलं होतं तेव्हाचं सांगते. ओल्ड फेथफुलपासून सव्वादोन किलोमीटर हळूहळू चालत आम्ही मॉर्निंग ग्लोरी या झऱ्यापाशी पोचलो. आईने पर्समधून नाणं काढलं, गंगेत टाकतात तसं. मी हात धरला. सांगितलं, लोकांनी टाकलेल्या नाण्यांनी आणि कचऱ्यानेच याची नळी तुंबली, पाणी निवत गेलं आणि निळ्यावर पिवळा चढला. तिने नाणं परत ठेवलं, कठड्याला धरून हात जोडले आणि बराच वेळ नुसती उभी राहिली. त्या दिवशी आम्ही दुसरं काहीच पाहिलं नाही. अजून ती बोलते ते त्याच दिवसाबद्दल.

तेव्हा बाविसातली पंधरा ठिकाणं खोड, आणि उरलेल्यांपुढची मिनिटंही.

ताई-भाऊजींना नमस्कार.

तुझी,
मावशी

ता. क. भाऊजींच्या टोपीला बंद शिवून घे. झऱ्यावर वारा असतो. उडाली तर ती गेलीच समजायची, मागे जायचं नाही.