कळते, पण वळत नाही

नाटकाच्या रंगीत तालमीत नट अडखळला की दिग्दर्शक रागावतो, पण मनातून सुखावतोही. चूक आज झाली. प्रयोगाला अजून दोन दिवस आहेत. संकटाच्या तालमीचेही तत्त्व हेच. खोटा पूर, खोटी आग, खोटे निरोप रचून अधिकाऱ्यांची परीक्षा घ्यायची, ती ते कुठे कमी पडतात हे आधी कळावे म्हणून. खरा प्रश्न त्यापुढचा आहे. जे कळले, त्याचे ऋण कुणी फेडायचे?

अमेरिकेतील लुइझियाना राज्यात जुलै २००४ मध्ये अशी एक तालीम झाली. बॅटन रूज येथे २५० हून अधिक अधिकारी पाच दिवस एकत्र बसले. ‘पाम’ नावाचे कल्पित चक्रीवादळ न्यू ऑर्लिन्सवर आले, पाणी बांधावरून शहरात शिरले, दहा लाखांवर माणसे घरदार सोडून निघाली. शहरातील सुमारे १ लाख लोकांकडे स्वतःचे वाहन नाही, हेही ठाऊक होते. त्यांना बाहेर कसे काढायचे, याचा आराखडा मात्र अपुराच राहिला.

२९ ऑगस्ट २००५ रोजी कतरिना खरोखरच आले. शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. बांध फुटतील असे कुणाला वाटले नव्हते, अशा अर्थाचे राष्ट्राध्यक्ष बुश १ सप्टेंबरला बोलले. तालमीत पाणी बांधावरून आले होते, प्रत्यक्षात बांध फुटले, एवढा फरक खरा. पण छपरावर अडकलेल्याला त्या फरकाचे काय?

कुणी म्हणेल, प्रत्येक कल्पित संकटासाठी तिजोरी रिकामी कशी करायची? शंका रास्त आहे. सगळे करणे कोणत्याच सरकारला शक्य नसते. परंतु ‘जमले नाही’ आणि ‘ठाऊक नव्हते’ ही दोन उत्तरे नीतीच्या तराजूत सारखी भरत नाहीत. अज्ञान पुष्कळदा क्षम्य ठरते. तालीम माणसाकडून नेमकी तीच सबब काढून घेते. म्हणून तालमीनंतर प्रामाणिक मार्ग दोनच उरतात. उणीव भरून काढावी, नाहीतर ती ज्यांच्या जिवावर बेतणार आहे त्यांना वेळीच सांगावी. तिसरा मार्ग अहवाल कपाटात ठेवण्याचा. तो फार सोपा आहे.

‘कळते, पण वळत नाही’ असे आपण खोडकर मुलाला हसत म्हणतो. ज्याच्या हाती शहर सोपवले आहे, त्याच्याबाबतीत हे वाक्य हसण्यावारी नेता येत नाही.