नावाची पट्टी



पावसाळ्यात एखाद्या रात्री कुणाच्या ओट्यावर ब्रह्मकमळ उमलले की सारी आळी जागी होते. मुलांना झोपेतून उठवून आणले जाते, फोटो निघतात, आणि सकाळी पाहावे तर फूल मान टाकून लोंबत असते. हिमालयातले खरे ब्रह्मकमळ निराळे. आपल्या कुंडीतले हे झाड निवडुंगाच्या कुळातले आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्याचे मूळ घर मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतील जंगले. तेथे ते झाडांच्या बेचक्यांत साचलेल्या पालापाचोळ्यावर वाढते. आपण ज्याला पान म्हणतो ते त्याचे चपटे झालेले खोड. शास्त्रीय नाव एपिफायलम, म्हणजे ग्रीक भाषेत 'पानावर'. नाव ठेवणाऱ्या पंडितांचीही आपल्यासारखीच फसगत झाली म्हणायची!

या झाडावर आणि त्याच्या रंगीबेरंगी संकरित भावंडांवर जीव लावणारी मंडळी अमेरिकेत, दक्षिण कॅलिफोर्नियात आहेत. 'एपिफायलम सोसायटी ऑफ अमेरिका' ही त्यांची संस्था १९४० साली स्थापन झाली. आजवर नाव दिलेल्या हजारो संकरित जातींची नोंद तीच ठेवते. आसपासच्या गावांतही अशी लहान मंडळे आहेत. सभासद बहुतेक हौशी. एकत्र जमायचे, फांद्यांचे तुकडे एकमेकांना द्यायचे आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी फुलांचे प्रदर्शन भरवायचे, हा त्यांचा क्रम.

फुलाचा बहर थोड्या आठवड्यांचा. उरलेले वर्षभर या झाडाकडे पाहवत नाही. वेडीवाकडी, लोंबकळणारी, कडेला करपलेली हिरवी पट्टी! पाहुणा आला तर म्हणेल, हे कशाला ठेवलेत? बी पेरून रोप केले तर पहिले फूल दिसायला चार ते सात वर्षे लागतात, कधी त्याहून अधिक. तेवढी वर्षे ही माणसे पाणी घालतात, आणि तेही हात आखडूनच. कारण जास्त पाण्याने मूळ कुजते आणि नत्राचे खत जास्त झाले की फांद्याच फांद्या येतात, फूल येत नाही. (आपल्या मुलांना एकामागून एक क्लासेस लावणाऱ्या पालकांनी हे जरूर लक्षात घ्यावे.)

पण आम्हांला सर्वांत विचार करायला लावले ते त्यांच्या पट्ट्यांनी. प्रत्येक कुंडीत नावाची पट्टी असते. फांदीचा तुकडा दुसऱ्याला देताना पुष्कळ जण त्या हिरव्या सालीवरच पेनने नाव लिहितात. कारण फुलावाचून हजारो जाती जवळपास सारख्याच दिसतात. पट्टी हरवली की झाड जगते, पण ते कोण हे कुणाला सांगता येत नाही. पुढे फूल आले तरी नुसत्या रूपावरून जुने नाव पुन्हा लावू नये, असा या छंदातल्या जाणत्यांचा दंडक आहे. म्हणून फूल नसतानाच नाव जपायचे.

आजच्या शुभवर्तमानात अंजिराच्या झाडाचा दाखला आहे (लूक १३:६-९). मालक तीन वर्षे फळ शोधून कंटाळला आहे. त्याचा हिशेब चुकीचा नाही; जमीन अडली आहे, हे खरेच आहे. माळी झाडाची वकिली करत नाही, ते चांगले आहे असेही म्हणत नाही. तो फक्त आणखी एक वर्ष मागतो आणि भोवती खणून खत घालण्याचे काम स्वतःच्या अंगावर घेतो. सेमिनरीत ॲरिस्टॉटल शिकताना आम्ही शक्यता आणि सिद्धी यांतला भेद घोकला होता: बी हे अजून झाड नाही, पण दगड झाड नसतो तशा अर्थाने नाही. कुदळ हाती घेणाऱ्या माळ्याला हा भेद पुस्तकाशिवाय कळला होता.

हे सारे आज सांगण्याचे कारण आहे. धर्मग्राम परिषदेच्या बैठकीत एक सूचना आली: जी कुटुंबे वर्षानुवर्षे मिस्साला येत नाहीत, वर्गणी देत नाहीत, त्यांची नावे यादीतून कमी करावीत. सूचना करणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती. दर रविवारी येणाऱ्यांवरच सारा भार पडतो, ही त्यांची तक्रार रास्त आहे. तरीही आम्ही ती नावे काढणार नाही. स्नानसंस्काराच्या नोंदवहीत ज्याचे नाव एकदा लिहिले गेले, त्याची पट्टी आपण उपटायची नाही.

येथे एक कबूल केले पाहिजे. निवडुंगाचे संकर करणारे हौशी सगळीच रोपे ठेवत नाहीत. पहिले फूल नवे, वेगळे निघाले नाही तर बहुतेक रोपे टाकून देतात. त्यांच्याकडे जागा थोडी असते. तेव्हा देवाचे राज्य हुबेहूब त्या मंडळासारखे आहे असे आम्ही म्हणत नाही. आपल्याला प्रदर्शनात बक्षीस मिळवायचे नाही. दारू सोडतो म्हणून पाचव्यांदा सांगणारा मुलगा, वाटणीच्या भांडणानंतर देवळाची पायरी न चढलेला भाऊ, मोठ्या शहरात नोकरीला जाऊन परतीची वाट विसरलेली मुलगी, यांना कुणाच्या डोळ्यांत भरण्याजोगे फूल यायलाच हवे असे नाही.

प्रत्येक वाडीच्या याद्या मिस्सानंतर कार्यालयात मिळतील. एकाने दोन किंवा तीनच नावे घ्यावीत, जास्त नकोत. प्रायश्चित्त काळ संपण्यापूर्वी त्यांच्या घरी एकदा जाऊन यावे. मिस्साला का येत नाही हे पहिल्या भेटीत विचारू नये. वर्गणीचा विषय तर मुळीच काढू नये. चहा दिला तर प्यावा.