नकाराची जागा : मुळशीच्या निमित्ताने

मागच्या वर्षी एका विद्यार्थिनीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला मदत करीत होतो. मुलगी मुळशी जलाशयाच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतली. घरी रेंज नसते, म्हणून अर्ज भरण्यासाठी ती महाविद्यालयात आली होती. मध्येच तिच्या मोबाइलच्या पडद्यावर कुठल्याशा कंपनीच्या अटींचे लांबलचक पत्रक उमटले आणि तिने ते न वाचताच ‘मान्य आहे’ या शब्दांवर बोट ठेवले. मास्तरकीच्या सवयीने मी म्हणालो, “अगं, काय मान्य करतेस ते वाच तरी.” ती म्हणाली, “वाचून काय करू सर? ‘मान्य नाही’ दाबलं तर फॉर्मच बंद होतो.”

हे उत्तर वरवर पाहता व्यवहारातले आहे. परंतु भाषेचा विचार करणाऱ्याला त्यात एक अवघड प्रश्न दडलेला दिसेल. ऑस्टिनने ज्यांना कृतिरूप उक्ती म्हटले, त्यांत ‘मला मान्य आहे’ ही उक्ती मोडते. ती उच्चारणे म्हणजेच ती कृती करणे. अशी उक्ती सफल होण्यासाठी काही परिस्थिती गृहीत असावी लागते, एरवी शब्द उच्चारले जातात आणि कृती मात्र घडत नाही. दुसऱ्या बाजूने, सोस्यूरपासून आपण हेही शिकलो आहोत की चिन्हाला अर्थ येतो तो अन्य चिन्हांपासून असलेल्या त्याच्या भेदामुळे. होकाराला अर्थ आहे, कारण त्याच्या शेजारी नकार उभा आहे. जेथे नकाराची जागाच रिकामी ठेवलेली आहे, किंवा ती घेतल्यास मनुष्य व्यवहारातूनच बाद होतो, तेथे उरलेला होकार हे चिन्ह आहे की नुसता आवाज? ‘डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३’ संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी असे सांगतो. पाचही विशेषणे उत्तम आहेत. त्या मुलीच्या बोटाला त्यांतले एकही लागू पडत नव्हते.

ही मुलगी मुळशीची असावी हा योगायोग मला दुर्लक्षिता आला नाही. शंभर वर्षांपूर्वी याच खोऱ्यात संमतीचा प्रश्न फार वेगळ्या रीतीने विचारला गेला होता. मुंबईच्या गिरण्यांना व शहराला वीज हवी होती. टाटा कंपनीने निळा आणि मुळा नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधावयाचे ठरविले. पूर्वेकडे वाहणारे पाणी अडवून, बोगद्यातून सह्याद्रीच्या पश्चिमेला भिऱ्याच्या वीजगृहाकडे उतरवावयाचे, अशी ती योजना. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने खासगी कंपनीसाठीही सरकारला जमीन घेता येत होती, काम लोकोपयोगी ठरले म्हणजे झाले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यातून. लढा हरला. आंबेमोहराची खाचरे पाण्याखाली गेली.

त्या इतिहासातील एक तपशील मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि स्मारकांच्या भाषणांत तो सहसा येत नाही. मावळातील पुष्कळ जमीन कागदोपत्री पुण्याच्या सावकारांकडे गेलेली होती. कसणारे मावळे, मालक सावकार. त्यामुळे ‘जमीन देणार नाही’ आणि ‘जमिनीला चांगला भाव द्या’ अशा दोन भूमिका एकाच बाजूला निर्माण झाल्या. बापट आणि विनायकराव भुस्कुटे पहिल्या भूमिकेवर उभे होते, दुसरीने लढ्याचे पाय आतून ओढले. नुकसानभरपाईची भाषा एकदा स्वीकारली की नकाराची भाषा संपते. मग वाद उरतो तो फक्त किमतीचा.

आज मोठ्या तंत्रज्ञान-कंपन्यांविषयी जी चर्चा चालते ती बहुतांशी या दुसऱ्या प्रकारची आहे. आमच्या माहितीचा मोबदला मिळाला पाहिजे, जाहिराती कमी असाव्यात, सेवा स्वस्त हवी. मीही असे बोलतो. ही सावकाराची भूमिका आहे, मावळ्याची नव्हे, आणि विचित्र भाग असा की ती घेणारे आपण सावकार नसून कुळे आहोत. पत्रव्यवहार, छायाचित्रे, टाचणे, विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांचे गुण हे सारे आपण ज्या आवारात पिकवतो ते दुसऱ्याचे आहे. खंड पैशात नसून आपल्या वागण्याच्या नोंदींत वसूल होतो, एवढाच फरक. १९४८ च्या कूळकायद्याने कसणाऱ्याचा जमिनीवरील हक्क मान्य केला. या नव्या आवारासाठी तशी कल्पनाच अजून आपल्या भाषेत आलेली नाही.

अर्थात रूपके ताणू नयेत, हे इतरांच्या लेखनावर शेरे मारणाऱ्याने तरी पाळावे. मावळ्याची जमीन कंपनीकडे गेली तेव्हा ती मावळ्याकडे उरली नाही. माझ्या पत्राची प्रत कोणी घेतली तरी पत्र माझ्यापाशी राहतेच. मग माझे गेले काय? दीर्घकाळ मी याचे उत्तर ‘खासगीपणा’ असे देत असे, आणि २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने सर्वोच्च न्यायालयाने त्याला मूलभूत हक्काचे स्थान दिले तेव्हा समाधानही वाटले. आता ते उत्तर मला अपुरे वाटते. त्या मुलीला तिचे नाव-गाव कंपनीला कळण्याची फारशी फिकीर नव्हती. तिच्या हातातून गेली होती ती निघून जाण्याची मुभा. परावलंबन आणि पराधीनता यांतील सीमारेषा येथेच असावी. आपण सुतारावर, वैद्यावर, एसटीवर अवलंबून असतोच. सुतार बदलता येतो, त्याच्याशी भांडता येते, वेळ पडली तर रंधा हाती घेऊन शिकताही येते. यांतले काहीच शक्य नसते तेव्हा संबंधाचा नैतिक प्रकार बदलतो, मालक कितीही सज्जन असला तरी.

यावर एक आक्षेप रास्त आहे. मराठी लेखन परक्या तंत्रावर नेहमीच अवलंबून होते. १८०५ साली श्रीरामपूरला विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण छापले गेले, त्याचे खिळे मराठी माणसाने पाडलेले नव्हते. परंतु मुंबईत अमेरिकन मिशनचे काम पाहून गणपत कृष्णाजींनी आधी शिळाप्रेस उभा केला, १८३१ मध्ये पंचांग छापले, पुढे स्वतःचे खिळेही पाडले. आणि जावजी दादाजींच्या निर्णयसागराची अक्षरे तर देशभर नावाजली गेली. तंत्र बाहेरून आले, पण ते उलगडून पाहता येत होते. एका पिढीत वापरणारा घडविणारा झाला. संगणकाच्या आरंभीही असे काही घडत होते. १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाले, भारतीय लिप्यांसाठी इस्की ही संकेतप्रणाली तयार झाली आणि १९९१ च्या युनिकोडमधील देवनागरीचा आराखडा तिच्यावरच बेतला गेला. युनिकोडचे उपकार मी नाकारणार नाही. माझा प्रबंध त्यापूर्वीच्या प्रकारच्या एका फाँटमध्ये टंकलेला आहे आणि आज तो उघडला की पडद्यावर रोमन अक्षरांचा नि चिन्हांचा कचरा दिसतो. चार वर्षांचे काम, एकही शब्द न गमावता, अवाच्य झाले आहे. म्हणजे जुने स्वातंत्र्य सोन्याचे होते असे नाही. प्रश्न एवढाच की स्मार्टफोन ज्या सेवांचे दार आहे, त्यांच्या बाबतीत आपण गणपत कृष्णाजींच्या वाटेवर आहोत काय? मला तसे दिसत नाही.

हायडेगरने १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या तंत्रज्ञानविषयक निबंधात ऱ्हाइन नदीवरील वीजगृहाचे उदाहरण दिले आहे. तेथे वीजगृह नदीत बांधलेले नसून नदीच वीजगृहात बांधली गेली आहे, ती मागणी करताच पुरवठा करणारा साठा झाली आहे. मुळशीला हे वर्णन नेमके लागू पडते. पण त्या निबंधात ऱ्हाइनच्या काठी कोणी बसलेले नाही. तेथे नदी आहे, कवी आहे, विस्थापित मनुष्य नाही. म्हणून तंत्रज्ञान तेथे नियतीसारखे भासते. आपल्याकडील उपयोजित समीक्षेनेही हाच सूर पुष्कळदा उचलला. मुळशीत मात्र कायद्याचे कलम, कंपनीचे नाव, सावकाराची वही असे सारे बोट ठेवून दाखविता येते.

‘क्लाउड’ या शब्दाने नेमके हेच झाकले जाते. ढग कुणाच्या मालकीचा नसतो आणि त्याला गाव नसते. प्रत्यक्षात मायक्रोसॉफ्टचा ‘सेंट्रल इंडिया’ नावाचा ढग २०१५ पासून पुण्यात आहे आणि २०२४ मध्ये त्याच कंपनीने हिंजवडीत सुमारे १६ एकर जमीन सुमारे ५२० कोटी रुपयांना घेतल्याचे वृत्त आले. हिंजवडी मुळशी तालुक्यातच येते. ढगाला सात-बारा असतो, पाणी लागते, वीज तर लागतेच. या वेळी कोणी धरणे धरून बसले नाही, कारण जमीन रीतसर विकत घेतली गेली. बसावयाचे कुठे हेही नीटसे ठाऊक नाही. सत्याग्रहाला समोर कोणीतरी लागतो, निदान एक पायाचा खड्डा तरी.

पराधीनतेचा प्रश्न केवळ दुर्बळांचा आहे असे मानणाऱ्यांनी जुलै २०२५ मधील नायरा एनर्जीचे प्रकरण आठवावे. युरोपीय संघाने निर्बंध लादले, आणि भारतात काम करणाऱ्या या तेलकंपनीच्या मायक्रोसॉफ्ट सेवा थांबविल्या गेल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. तेलशुद्धीकरण कारखान्याच्या मालकाजवळ वकील होते. माझ्या विद्यार्थिनीजवळ टेकाड आहे, ज्यावर चढले की रेंज येते.

तिला मी काय सांगावयास हवे होते? मोबाइल टाकून दे, हा उपदेश पगारदार प्राध्यापकाने शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मुलीला करणे अशोभनीय आहे. संस्था नकार देऊ शकतात, म्हणजे विद्यापीठ, शासन, शिष्यवृत्तीचे खाते. व्यक्तीच्या बोटावर तो भार टाकणे हीच मुळात फसवणूक आहे. अर्जाचा कागदी पर्याय ठेवणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे, ती नकाराला दिलेली जागा आहे. आमच्या बैठकीत मी हे मांडले. ‘कागद कोण सांभाळणार’ असे विचारले गेले आणि पुढचा विषय निघाला.

अर्ज त्या दिवशी भरून झाला. पोचपावती तिने माझ्या फोनवरही पाठवून ठेवली, तिचा बिघडला तर असावी म्हणून. मी ती छापून घेतली आणि कपाटात, प्रबंधाच्या बांधणी केलेल्या प्रतीशेजारी ठेवली आहे.