भरतीचा नियम आणि विश्वासणाऱ्याची प्रार्थना

समुद्राची भरती चंद्र व सूर्य ह्यांच्या ओढीनें येते. ती कोणाच्या प्रार्थनेनें थांबत नाहीं व कोणाच्या पापानें वाढत नाहीं. मग असल्या जगांत देवाच्या हातास कोणतें काम उरलें, असा प्रश्न शाळेंत शिकलेला तरुण आपल्या पाळकास व उपदेशकास विचारतो. त्यास रागें भरणें बरें नव्हे. प्रथम गोष्ट खरी आहे कीं नाहीं तें पाहावें, आणि खरी असल्यास तिजपासून काय निष्पन्न होतें ह्याचा शांतपणें विचार करावा.

आमच्या पुष्कळ वाचकांनीं समुद्र पाहिला नसेल, म्हणून थोडें खुलासेवार सांगतों. मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी सुमारें सहा तास चढतें व जवळजवळ तितकाच वेळ उतरतें. भरतीची वेळ दररोज सुमारें ५० मिनिटांनीं पुढें जाते, कारण चंद्रहि तितकाच उशिरां माथ्यावर येतो. अमावास्या व पौर्णिमा ह्यांच्या सुमारास पाणी फार चढतें, त्यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास थोडें चढतें, त्यास भांग म्हणतात. तिकडील कोळी बांधव तिथीची पाऊणपट करून भरतीचा तास सांगतात: चतुर्थीस तीनच्या सुमारास, अष्टमीस सहाच्या सुमारास. हा हिशेब फार सूक्ष्म नव्हे, तरी होडी लोटण्यास पुरतो.

प्रत्येक पदार्थ दुसऱ्यास आपणाकडे ओढतो व अंतर वाढलें म्हणजे ही ओढ कमी होते, हा नियम न्यूटन ह्यानें १६८७ सालीं मांडला व त्यावरून भरतीचा उलगडा केला. पृथ्वीच्या चंद्राकडील बाजूच्या पाण्यावर चंद्राची ओढ अधिक, पृथ्वीच्या गोळ्यावर त्याहून कमी, आणि पलीकडच्या पाण्यावर सर्वांत कमी असते. म्हणून अलीकडचें पाणी पुढें सरतें, पलीकडचें मागें राहतें, आणि दोहोंकडे फुगवटा येतो. पृथ्वी आपल्याभोंवतीं फिरते, म्हणून एकाच किनाऱ्यास बहुधा दिवसांतून दोनदां भरती येते. सूर्याची पृथ्वीवरील एकंदर ओढ चंद्राच्या पावणेदोनशें पटींहून अधिक आहे. पण तो सुमारें ३९० पट दूर असल्यामुळें अलीकडच्या व पलीकडच्या पाण्यावरील त्याच्या ओढींत फरक थोडा पडतो. भरती ह्या फरकानेंच उठते; म्हणून सूर्याचा वांटा चंद्राच्या निम्म्याहून कमी. दोघे एका रेषेंत आले म्हणजे उधाण, काटकोनांत आले म्हणजे भांग. किनाऱ्याची घडण व समुद्राची खोली ह्यांमुळें स्थळोस्थळीं फेर पडतो: मोठ्या उधाणांत मुंबईस पाणी बारा फुटांहून अधिक चढतें, तर खंबायतच्या आखातांत तीस फुटांहून अधिक.

हा नियम न जाणणाऱ्यांची काय दशा होते, ह्याचें उदाहरण इतिहासांत आहे. इ. स. पूर्वी ३२५ सालीं शिकंदर बादशहाचें आरमार सिंधूच्या मुखापाशीं आलें. त्याच्या लोकांच्या देशीं समुद्राची भरती-ओहोटी फार थोडी. पाणी ओसरून गलबतें चिखलांत बसलीं तेव्हां ते घाबरले. पाणी परत आलें तेव्हां कांहीं गलबतें आदळून फुटलीं. त्या किनाऱ्यावरील नावाड्यास जी रोजची गोष्ट, ती त्यांस अरिष्ट वाटली.

तर मग नियम ठरलेला आहे म्हणून देव निघून गेला काय? भरती लहरीनें येती, तर कोणी होडी लोटली असती? खारजमिनीचा बंधारा किती उंच घालावा, हें शेतकऱ्यास कसें कळलें असतें? नियम अढळ आहे म्हणूनच मनुष्य त्याच्या भरंवशावर पोट भरतो. देवानें समुद्रास मर्यादा घातली असें ईयोबाच्या पुस्तकाच्या ३८ व्या अध्यायांत आहे. ती मर्यादा आज एक व उद्यां दुसरी नसते, ह्यांत आम्हांस त्याचें विश्वासूपण दिसतें. चंद्राच्या ओढीवरून देव सिद्ध होतो, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. श्रद्धा गणितानें उपजत नाहीं, तशी ती गणितानें मोडतहि नाहीं. भाकर विस्तवानें भाजते हें कळलें, म्हणून ती आईनें वाढली हें खोटें ठरत नाहीं.

परंतु प्रश्नाचा कठीण भाग पुढेंच आहे. उधाणांत होडी उलटते, कर्ता पुरुष बुडतो, आणि शेजारी म्हणतात, कांहीं पाप असेल. कोणी म्हणतो, प्रार्थना कमी पडली. हें बोलणें ख्रिस्ती नव्हे. शिलोहाचा बुरूज पडून जे मेले ते इतरांहून अधिक पापी होते, हा समज आपल्या प्रभूनें साफ नाकारला. सूर्य व पाऊस नीतिमानास व अनीतिमानास सारखेच मिळतात असेंहि त्यानें शिकविलें. भरतीहि तशीच निवड करीत नाहीं. त्या विधवेच्या घरीं कारणें सांगत बसूं नये. मंडळीनें दाणे न्यावे, मुलांच्या शाळेची सोय पाहावी, आणि रात्रीं कोणी तरी सोबतीस राहावें.

मग प्रार्थना कशासाठीं? संकट टळो असें मागण्यास मनाई नाहीं. गेथशेमानेंत प्रभूनेंहि तसें मागितलें, आणि प्याला टळला नाहीं. परंतु भरतीची वेळ ठाऊक असतां होडी लोटून मग रक्षण मागणें ही श्रद्धा नव्हे, तो देवाची परीक्षा पाहण्याचा प्रकार आहे. सावधपणाची बुद्धि, भयांत धीर, आणि दुसऱ्याच्या दुःखांत धांवून जाण्याचें मन, हें मागावें. त्यासाठीं चंद्रानें वाट सोडावी लागत नाहीं.

म्हणून उपदेशक बंधूंनो, तरुणांस भरतीचें खरें कारण निर्भयपणें सांगा. अमावास्येस भिऊन काम टाळणारे अजून आपल्या मंडळ्यांत आहेत. त्यांसहि सांगा कीं चंद्र समुद्राचें पाणी ओढतो, कोणाचें नशीब ओढीत नाहीं. सत्य जाणण्यानें देवाचा अपमान होत नाहीं. त्याच्या नांवानें दुःखितास दोष लावण्यानें मात्र होतो.